मोदकाचं पीठ बदलून मिळेल

रोह्याच्या नव्या दुकानात मी महिन्यातून एकदा जाते आणि दर वेळी दमून घरी येते. सामान जड असतं म्हणून नाही. दिवसभर कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटून आलेलं अंग, आणि समोर अकरा प्रकारच्या तूरडाळी. एका पाकिटावर शेतकरी हसतोय, एकावर कुणाची तरी आई ताटात वाढतेय, एकावर नुसताच सोनेरी शिक्का. कुठली खरी, कुठली बरी? कुणाला विचारावं तर सामान मांडणारी मुलगी म्हणते, "काकू, ऑफर मागे लिहिलीय, वाचा ना." मागे इतकं बारीक लिहिलेलं असतं की मी चष्मा काढते, घालते आणि शेवटी हाताला लागेल ते उचलते.

पेणला आमच्या दुकानात तूरडाळीच्या पाकिटावर 'तूरडाळ' लिहिलेलं असायचं. बस्स. पांढरं पाकीट, निळी अक्षरं. साखरेवर साखर, चहावर चहा, साबणावर साबण. चित्र नाही, हसरं बाळ नाही. एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला एका जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये ते दुकान होतं. पाटीवर लांबलचक नाव होतं, ते कुणी घेत नसे. सगळे 'पांढरं दुकान' म्हणायचे. लॉकडाऊननंतरच्या वर्षात ते बंद पडलं, पाठोपाठ रोह्याची शाखाही. आता त्या शेडमध्ये लग्नाचे मांडव आणि खुर्च्या भाड्याने मिळतात. त्या बाजूने एसटी वळली की मी बघते, पण उतरत नाही. उतरून काय करू?

स्वस्त होतं म्हणून लोक येत, आणि स्वस्त होतं म्हणूनच लाजत. पेणच्या चांगल्या चांगल्या घरांतल्या बायका पिशवीच्या तळाला आमची पांढरी पाकिटं भरायच्या आणि वर एक रंगीत वेफर्सचं पाकीट आडवं ठेवायच्या. रस्त्यात कुणी भेटलं तर वेफर्स दिसावेत. एक बाई तर आमचा चहा दुकानातच, कोपऱ्यात उभी राहून, मोठ्या कंपनीच्या डब्यात ओतून न्यायची. आम्ही मागच्या खोलीच्या फटीतून बघून हसायचो.

मला त्या पाकिटांची लाज कधी वाटली नाही. मी सातवीत शाळा सोडलेली. परभणीकडच्या आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. आठवी तीन कोसांवर, आणि मुलीला तीन कोस कोण पाठवतं? त्यामुळे जास्त बोलणाऱ्या वस्तूंची मला जरा भीतीच वाटते, माणसांचीही वाटते. ते पाकीट जेवढं होतं तेवढंच सांगायचं.

पेणला आम्ही आलो ते नवऱ्याच्या कामासाठी. धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधून कोळसा उतरवायचं काम होतं, ठेकेदाराच्या हाताखाली. आज आहे, उद्या नाही, असं. संध्याकाळी तो घरी आला की डोळ्यांच्या कडा तेवढ्या गोऱ्या दिसायच्या, बाकी सगळा काळा. एका खोलीत आम्ही तिघं, मुलगी चार वर्षांची. मला पांढऱ्या दुकानात पॅकिंगचं काम लागलं तेव्हा साहेब, म्हणजे दुकानाचे मॅनेजर, म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू. जमलं तर कायम करू." आणि घरी नवरा म्हणाला, "तू कायम झालीस तर राहू सगळे. नाही तर तू आणि पोरगी गावी जा, मी जेट्टीवरच्या बाकीच्या गड्यांबरोबर राहीन." रागाने नाही म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, एकट्याच्या कामावर तिघं निघत नव्हते. पण गावी गेले असते तर मुलीचीही शाळा सातवीलाच थांबली असती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पोटात मात्र तेवढं एकच होतं. गणपतीपर्यंत चूक करायची नाही.

मागच्या खोलीत आम्ही चौघी होतो. सगळ्यांत मोठ्या त्या काकी, खाडीकडच्या गावातल्या. जन्म मिठागरात गेलेला, तळपायाला भेगा इतक्या की त्या म्हणायच्या, "यात भात लावला तर उगवंल." आमच्या दुकानात मिठाचंही पाकीट असायचं आणि ते भरायला त्यांना भारी राग यायचा. "आमच्या बापानं डोक्यावरून वायलं ते मीठ आता चमच्यानं भरायचं व्हय?" मला त्या 'घाटावरची' म्हणायच्या. आधी वाईट वाटायचं. मग कळलं, ज्यांच्याशी बोलायचं नसतं त्यांना काकी काहीच म्हणत नाहीत.

गणपतीच्या महिन्यात तांदळाच्या पिठाला जोर असतो. एरवी आमच्याकडे एकच पीठ असायचं, जाड्या तांदळाचं, भाकरीचं. त्या महिन्यात दुसरंही यायचं, मोदकाचं. दोन्ही गोण्या सारख्याच दिसायच्या, फक्त भाकरीच्या गोणीचं तोंड निळ्या दोऱ्याने शिवलेलं असे. पाकिटं तीच, पांढरी. मोदकाच्या पाकिटावर तेवढा एक शब्द जास्त.

चतुर्थीला दोन दिवस होते. काकींनी घर सारवायला सुट्टी घेतली होती, बाकीच्या दोघी बाहेर गिऱ्हाइकं बघत होत्या. साहेब सकाळीच सांगून गेले, "मोदकाची दोनशे पाकिटं चारच्या आत बाहेर लागली पाहिजेत." मी मान खाली घालून भरत बसले. एकशे साठ भरली आणि गोणी संपली. झटकली, उलटी केली, कोपरे चिमटीत धरून हलवले. चाळीस पाकिटांची चिकटवायची लेबलं माझ्या मांडीवर तशीच.  पीठ कमी भरलं म्हणजे कुणी म्हणणार, हिने नेलं. परक्या गावाची, नवी बाई, दुसरं कुणाचं नाव येणार?

निळ्या दोऱ्याची गोणी शेजारीच उभी होती. मी तिच्यातून चाळीस पाकिटं भरली.

फसवायचं म्हणून नाही भरली हो. आमच्याकडे ज्वारीचं पीठ म्हणजे ज्वारीचं पीठ. त्याची भाकरी करा, धपाटे करा, आंबील करा. मला वाटलं, हाही तांदूळ, तोही तांदूळ, देवाला काय? उलट वेळेत दोनशे झाली म्हणून मी मनातल्या मनात खूश होते. साहेबांनी मोजून बघितलं आणि "छान" म्हणाले. तीन महिन्यांतला पहिला 'छान'.

संध्याकाळी मी बाहेर पाकिटं मांडत होते तेव्हा हमरापूरची एक बाई आली. तिकडे घरोघरी गणपती बनवतात. तिच्या कोपरापर्यंत रंग होता, कपाळाला सोनेरी डाग. पाच पाकिटं उचलली आणि मलाच विचारलं, "चांगलं हाय ना गो? नायतर ऐन टायमाला पंचाईत."

मी म्हणाले, "एकदम चांगलं आहे ताई."

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. आल्या आल्या निळ्या दोऱ्याच्या गोणीकडे बघून म्हणाल्या, "ही कशी उतरली गो एवढी?" मी सांगितलं. अगदी सहज सांगितलं, वर म्हणाले, "बरं झालं ना, वेळेत झाली." काकींनी त्या गोणीत हात घातला, चिमूटभर पीठ अंगठ्याने बोटांवर घासलं. मग माझा हात ओढला आणि माझ्या बोटांवर तेच घासलं.

"काय लागतंय?"

"पीठ."

"रवाळ लागतंय का नाय? हे जाडं. मोदकाचा तांदूळ धुवायचा, सावलीत सुकवायचा, मग बारीक दळायचा. ते पीठ साईसारखं लागतं. याची उकड काढलीस तर पारी फाटंल. आतला गूळखोबऱ्याचा चुन बाहेर येईल सगळा."

 मी तिथेच गोणीला टेकले. म्हणाले, "काकी, साहेबांना कळलं तर?"

"कसं कळंल? गप ऱ्हा. पाकिटावर कुणाचं नाव हाय का? तुझं हाय? माझं हाय? गिऱ्हाइकाला काय म्हायती कुणी भरलं."

खरं होतं. त्या पाकिटांचं तेच तर होतं, कुणाचंच नाव नाही. मी दोन-तीन पाकिटं साखर भरली. पण हात चालेना. डोळ्यांपुढे उद्याची स्वयंपाकघरं यायला लागली. पाटावर बसून मोदक वळणारी कुणी सून, शेजारी सासू, आणि मोदक फाटतोय. पाकिटाला कोण बोलणार? पाकिटावर नाव नाही म्हणजे दोष पाकिटाला लागणार नाही, बाईच्या हाताला लागणार. "हिला उकड येत नाही." मी लग्न होऊन गेले तेव्हा माझी पहिली भाकरी तव्यावर मोडली होती. पुढे कितीही चांगल्या केल्या तरी पाहुण्यांपुढे तीच सांगितली जायची.

मी उठले. काकी म्हणाल्या, "कुठं चाललीस?"

"साहेबांकडे."

"येडी का खुळी? तुला कायम व्हायचंय ना?"

  मी दाराशी पोचले तेव्हा मागून भेगाळ पायांचा घासल्यासारखा आवाज आला. काकी येत होत्या. साहेबांपुढे त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या कमरेवर हात ठेवून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या उभं राहण्याचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. म्हणाले, "गोणी कमी भरली तेव्हाच का नाही सांगितलं?"

"भीती वाटली साहेब."

"आणि आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चतुर्थी दुसऱ्या दिवशी, दोनशेतली जेमतेम वीस पाकिटं शिल्लक, आणि कुठल्या चाळिसात कुठलं पीठ, हे बाहेरून बघून साक्षात गणपतीलाही कळलं नसतं. मग त्यांनी रोह्याच्या शाखेला फोन केला. तिकडची मोदकाच्या पिठाची एक गोणी टेम्पोत टाकून पाठवा म्हणाले. पुठ्ठ्यावर निळ्या शाईने लिहून बाहेर लावलं, 'मोदकाचं पीठ बदलून मिळेल.' मला म्हणाले, "तू बाहेर टेबलावर बस. प्रत्येक पाकीट फोडायचं, हाताने बघायचं. तुझं तूच निस्तर. बाकीचं गणपती बसल्यावर बघू."

पुठ्ठा कुणी वाचला असेल नसेल. काकींनी भाजीवालीला सांगितलं, तेवढं पुरलं. दुपारी टेम्पो आला आणि मागोमाग बायका. अर्ध्या तासात ओळ दारातून रस्त्यावर गेली. आणि त्या ओळीत मी जे बघितलं ते आठवलं की आजही दमलेल्या अंगाने हसू येतं. वेफर्सखाली पाकिटं लपवणाऱ्या सगळ्या बायका तिथे होत्या. आता लपवणार कुठे? हातात एकेक पांढरं पाकीट धरून उघड्यावर उभ्या.

"अगोबाई, तुम्हीपण इथलंच घेता?"

"मी नाही हो. कामवालीसाठी घेतलं होतं."

"मग बदलायला कामवालीलाच पाठवायचं!"

मागून कुणी तरी म्हणालं, "त्यांची कामवाली आमच्याकडे येते. ती म्हणते, मला तर आजवर काय मिळालं नाय!"

सगळी ओळ हसली. जिला म्हटलं तीसुद्धा हसली, दुसरं करणार काय? मग एकेकीचं बाहेर पडायला लागलं. कुणी चहा सांगितला, कुणी साबण. चहा डब्यात ओतून नेणारी बाई म्हणाली, "चहा मात्र यांचा खरंच कडक असतो," आणि चार जणी एकदम "हो ना" म्हणाल्या. दोन बायकांनी माझ्याशी भांडणही केलं. एक म्हणाली, "सणाच्या तोंडावर असला खेळ करता?" मी उभी राहून "चुकलं ताई" म्हणत होते. तिसऱ्या-चौथ्यांदा म्हणाले तेव्हा तिने पाकीट घेतलं आणि म्हणाली, "बरं बरं, बस आता. पाय दुखतील."

पहिली दहा पाकिटं मी काकींना दाखवून बघितली. पुढची माझी मला कळायला लागली. अंगठा फिरला की रवाळ वेगळं, साय वेगळी. संध्याकाळपर्यंत सव्वीस चुकीची पाकिटं परत आली. शेल्फवरच्या वीस पाकिटांत नऊ निघाली. म्हणजे पस्तीस. राहिली पाच.

पाच म्हटल्यावर मला कोपरापर्यंतचा रंग दिसला.

काम सुटल्यावर नव्या पिठाची पाच पाकिटं घेऊन मी हमरापूरच्या टमटममध्ये बसले. मुलगी शेजारच्या घरी होती. नवरा जेट्टीवर, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. टमटममध्ये सगळे रिकाम्या हाताने चाललेले, येताना गणपती घेऊन येणारे. मीच एकटी पीठ घेऊन. मनात वाक्यं जुळवत होते. ताई, मी खोटं नाही बोलले. ताई, मला माहीत नव्हतं. एकही नीट जुळेना.

कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड. बाहेर टेम्पो, रिक्षा, डोक्यावर रुमाल घेतलेली माणसं. आत ती बाई एका मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी रंग लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बुकिंगचा हाय का? पावती दाखवा."

"गणपती नको ताई. मी पांढऱ्या दुकानातली. कालचं पीठ चुकीचं होतं. ते मोदकाचं नव्हतं."

तिने ब्रश थांबवला. माझ्याकडे बघितलं, मग आत ओरडली, "अगो, कालच्या पिठाचं काय केलंस?"

आतून म्हातारा आवाज आला, "भाकऱ्या!"

"भाकऱ्या केल्या," ती मला म्हणाली. "चौदा माणसं जेवतात आमच्याकडं या दिसांत. घरचं दळण आणायला वेळ कुणाला हाय? हाताला आलं ते घेतलं."

"आणि मोदक?"

ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता, झोप होती. "मोदक कोण करतो बाय? उद्या सकाळी शेवटचा गणपती गेला का आमी सगळी आडवी. आमच्या देवाला नणंद आणते पाच मोदक, पेणवरनं." मग म्हणाली, "पण काय गो, भाकऱ्या झकास झाल्या. तेच पीठ दे ना अजून."

मी पाच पाकिटं हातात धरून तशीच उभी. एवढ्या लांब चांगलं पीठ आणलं आणि इथे वाईटच हवं होतं. तिने मला पाणी दिलं. तांब्याला सोनेरी बोटं उमटली होती. पाणी पिताना म्हणाली, "एवढ्यासाठी आलीस? मूर्तीचा रंग चुकला तर आमीपण जातो गिऱ्हाइकाच्या घरी. पण पिठासाठी कोण येतं?" मी पाकिटं परत घेऊन निघाले.

पुढचे पाच दिवस मी दुकानात सावलीसारखी वावरले. साहेब दिसले की दुसऱ्या दाराने आत जायचे. घरी नवऱ्याला शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग बांधायचं का सामान?" त्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. मी म्हणाले, "विसर्जन होऊ दे." मुलीचं दप्तर मी रोज भरून ठेवत होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे एक बाई बसली होती, कामासाठी आलेली. मी दाराशीच थांबले. साहेब तिला म्हणाले, "सध्या जागा नाही. असेल तेव्हा कळवू." ती गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला घेतलं असतं तर हिलाही शिकायला चाळीस पाकिटं लागली असती. परवडत नाही." आणि कागदांत डोकं घालून, "उद्यापासून नऊला नको, साडेआठला ये. गोण्या उतरून घेताना तू बघायच्या."

मी "हो साहेब" म्हणून बाहेर आले. पण यातलं कायम कुठलं, हे मला कळेना. ते तसं म्हणालेच नव्हते. मागच्या खोलीत काकी मिठाची पाकिटं भरत होत्या. त्यांना साहेबांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं आणि विचारलं, "काकी, म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे?" काकी म्हणाल्या. "लवकर उठ."

मी तिथल्या रिकाम्या गोण्यांवर बसले. सगळे दिवस उभीच होते असं वाटलं. काकींनी उठ म्हटलं नाही. माझ्या पुढ्यातली पाकिटंही त्यांनी आपल्याकडे ओढून घेतली.